डाव्या हाताची पट्टी

कुलपात किल्ली घालायला माणसाला किती वेळ लागतो? पट्टीमावशीच्या घरात पूर्वी हा प्रश्नच नव्हता. भाचा दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढायचा, किल्ली खट्ट वाजायची आणि दार भिंतीवर आपटायचं. "भिंत पाडशील एक दिवस," असं मावशी ओट्यापाशी उभ्या उभ्या ओरडायची. त्याला ते ऐकूही जायचं नाही.

गेल्या चार महिन्यांपासून ती मोजायला लागली होती. भाचा एकेक पायरी चढून यायचा. मग किल्ली कुलपाच्या अवतीभवती खरवडत राहायची, उंदीर लाकूड कुरतडतो तशी. मावशी हातातलं काम थांबवून आत उभी राहायची. पाच. सात. एकदा अकरा झाले. आत आल्यावर भाचा म्हणायचा, "कुलूप बदलायला हवं. गंजलंय."

मावशीनं कुलपात तेल घातलं. कुलूप लोण्यासारखं फिरत होतं, आधीही फिरतच होतं. तरी आठ दिवसांनी तिनं पुन्हा तेल घातलं. दुसरं काय करायचं ते तिला सुचत नव्हतं.

ही मावशी म्हणजे साडेचार फुटांची, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली बाई. एका कारखान्याच्या मलमपट्टीच्या खोलीत तिनं सव्वीस वर्षं काढली. कापलेली बोटं, भाजलेले तळवे, मुरगळलेली मनगटं. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचा, बाकीचे दिवस तीच. हात पाहून ती माणसाबद्दल पुष्कळ काही सांगू शकायची, आणि बहुतेक वेळा सांगायची नाही. कारखान्यातला एक फोरमन संध्याकाळी बॉक्सिंगचा क्लब चालवायचा. त्याच्या पोरांच्या मुठी नीट बांधायला कोणी नव्हतं, म्हणून एकदा तिला बोलावलं आणि ती तिथलीच झाली. फोरमन पुढे पूर्णवेळ कोच झाला, ती निवृत्त झाली, पण लढतीआधी मुठी बांधायचं काम तिच्याकडेच राहिलं. प्रत्येक हाताला साडेचार मीटर पट्टी. अंगठ्यात फास, मनगटाला तीन वेढे, मग बोटांच्या मुळांवरून, मग एकेका बोटाच्या बेचक्यातून. "पंजा फाड," ती म्हणायची. सहा फुटी दांडगे तिच्यापुढे स्टुलावर बसून आज्ञाधारकपणे बोटं पसरून पंजा फाडायचे. पट्ट्या ती घरी नेऊन धुवायची, वाळत घालायची. खालच्या मजल्यावरची बाई दर वेळी विचारायची, "मावशी, हॉस्पिटल काढलंय का हो?"

भाचा बहिणीचा. बहीण गेली तेव्हा सहा वर्षांचा होता. डावखुरा. शाळेत बाईंनी त्याचा डावा हात बाकाच्या पायाला सुतळीनं बांधून ठेवला होता, उजव्यानं लिहायची सवय लागावी म्हणून. मावशी डबा द्यायला गेली, तिनं ते पाहिलं. आपल्या कात्रीनं तिनं सुतळी कापली आणि बाईंना म्हणाली, "पुन्हा बांधलीत तर याच कात्रीनं तुमची वेणी कापीन." भित्र्या बाईच्या तोंडून आयुष्यात एकदाच असं काही निघालं. घरी येऊन तिला ताप भरला.

पुढे त्याच डाव्या हातानं त्याला नाव दिलं. सगळे त्याला डावऱ्या म्हणायचे. दिवसा पार्सलच्या गोदामात खोकी उचलायची, संध्याकाळी क्लब. वय एकतीस. लग्नाचं विचारलं की म्हणायचा, "आधी क्लबात वर्षाचा मानकरी होऊ दे, मग बघ रांग लागते की नाही."

रांग कसली, आता तर मावशीला दुसरीच मोजदाद लागली होती. किल्लीनंतर पेले. पेला टेबलावर ठेवताना टेबल दोन बोटं अलीकडेच सुरू झालंय असं त्याच्या हाताला वाटायचं. तीन काचेचे पेले फुटले. मावशीनं उरलेले काचेचे उचलून वर ठेवले आणि स्टीलचे काढले. "काच काय, उगाच फुटते," ती म्हणाली. "हो ना," तो म्हणाला. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. मग एकच गोष्ट दोनदा विचारणं. मग शर्टाची बटणं: सकाळी तो तिच्याकडे पाठ करून बटणं लावायला लागला. रात्री तिची झोप उडायची ती त्याचा श्वास ऐकायला.

आणि मग सात आठवड्यांपूर्वीची ती लढत.

क्लबच्या आतल्या खोलीत, नेहमीच्या स्टुलावर तो बसला. तिनं अंगठ्यात फास घातला. "पंजा फाड." त्यानं बोटं पसरली आणि ती पानासारखी थरथरायला लागली. लढतीआधी हात कापतात, सगळ्यांचेच कापतात. तिनं हजार हात हातात घेतले होते. भीतीचं थरथरणं मूठ दाबली की थांबतं. तिनं मूठ दाबली. थांबलं नाही.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "बाहेर डॉक्टर हात पुढे करायला लावतील."

"मग?"

"मग काय? बांध ना नीट."

क्लबात कामाचा क्रमच तसा होता. आधी आत पट्ट्या, मग बाहेर क्लबच्या डॉक्टरची तपासणी, मग पट्टीवर डॉक्टरची सही, म्हणजे मधे कोणी पट्टीत काही लपवू नये. काही लपवलं तर ते बांधणारीनंच लपवलेलं असेल, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मावशीच्या हातांनी तिला न विचारताच काम सुरू केलं. कारखान्यात मुरगळलेल्या मनगटाला बांधायची तशी इंग्रजी आठाच्या आकाराची पट्टी, आतून मनगटाला जाड कापडाची घडी, दोन वेढे जास्त, चार बोटं एकमेकांना जखडून. डावा हात फळीसारखा झाला. "कोणाला सांगू नकोस," तो म्हणाला. तिनं मान हलवली.

डावऱ्यानं ती लढत दुसऱ्याच फेरीत जिंकली. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. मावशी आतल्या खोलीत बादलीवर ओणवी होऊन ओकत होती.

वर्षाच्या मानकऱ्याची निवड एका रविवारी दुपारी, क्लबच्या ऑफिसात व्हायची. टेबल एक, माणसं पाच. कोच. सेक्रेटरी, म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, ज्याला नियमाची वही हातात असली की जेवणसुद्धा नको. पंच, ज्याचं नाक तरुणपणीच सपाट झालं होतं. डॉक्टर. आणि मावशी, कारण क्लबात सगळ्यांत जुनी तीच. निवडीचा एक विचित्र नियम होता. पूर्वी एकदा वर्तमानपत्रातल्या स्तुतीवर भाळून किताब अशा माणसाला दिला गेला होता, ज्याला टेबलावरच्या एकानंही लढताना पाहिलं नव्हतं. तेव्हापासून प्रत्येकानं मत देताना स्वतःच्या डोळ्यांनी, जवळून पाहिलेली एक गोष्ट सांगायची.

"पाहिलेलं," सेक्रेटरीनं वही उघडून वाचलं. "ऐकलेलं नाही, वाटलेलं नाही. आणि मावशी, तुम्ही डावऱ्याच्या नात्यातल्या, तेव्हा तुमच्या मताचा जरा प्रश्न—"

"सोडा हो," कोच म्हणाला. "हिनं सगळ्यांच्याच मुठी बांधल्यात. सगळेच हिचे भाचे."

नावं दोनच होती. एक डावऱ्या. दुसरा शिंपी, जो खरोखरच शिंपी होता. दुकानात पँटी शिवायचा आणि रिंगमध्ये गुणांवर जिंकायचा.

"सहा लढती, सहा विजय," पंच म्हणाला. "आणि चेहऱ्यावर ओरखडा नाही. आज फोटो काढून मुलीकडच्यांना पाठवा."

"बॉक्सर निवडतोय की नवरदेव?" कोच उसळला. "तो लढतो कुठे? टेप घेऊन माप काढल्यासारखा भोवती फिरतो. लोक जांभया देतात."

"लोक देतात. समोरच्याला मात्र जांभई द्यायला सवड मिळत नाही."

"डावऱ्यानं सात लढतींत सहा जण झोपवले. सहा!"

"त्यातले दोघे पेंगतच आले होते. एकाचा तर नातू पहिल्या रांगेत बसला होता."

डॉक्टर हसला. सेक्रेटरी म्हणाला, "आणि एक हरला."

"गुणांवर! आणि गुण कोणी दिले ते विचारा."

"मी दिले," पंच शांतपणे म्हणाला. "उद्याही तेच देईन."

मावशी मांडीवर हात ठेवून बसली होती. या भांडणात एरवी तिला गंमत वाटायची, दर वर्षी हेच चालायचं, जोर मोठा की अक्कल मोठी, आणि शेवटी कोच टेबलावर मूठ आपटून चहा सांडायचा. पण या वर्षी किताबाला एक शेपूट होतं. पलीकडच्या शहरात 'घण' नावाचा एक बॉक्सर होता. तीन आठवड्यांनी त्याच्याशी लढत ठरली होती आणि वर्षाचा मानकरी तिला जाणार होता. घणाचा मागचा प्रतिस्पर्धी स्ट्रेचरवरून गेला तो अजून आईला ओळखत नव्हता. हे मावशीनं ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं, म्हणजे या टेबलावर त्याला किंमत नव्हती.

"पाहिलेलं सांगा," सेक्रेटरीनं पेनाचं टोपण काढलं. "मी सांगतो. शिंप्यासमोरच्याचा दातांवरचा रबर पडला. चांगली संधी होती. शिंप्यानं हात खाली घेतले आणि पंचांना बोटानं दाखवलं. माझं मत शिंप्याला."

"मी दोन पावलांवर होतो," पंच म्हणाला. "एका फेरीत त्याच्यावर सतरा ठोसे आले. फेरी संपली तेव्हा त्याचा भांगही विस्कटलेला नव्हता. शिंपी."

कोच पुढे वाकला. "मी सांगतो काय पाहिलं. ती हरलेली लढत. पाचव्या फेरीत डावऱ्या पडला. आकडे सुरू झाले. आठला तो उठला. डोळे कुठेच नव्हते, मला बघत होता पण मी दिसत नव्हतो त्याला. आणि तरी पाय उठले! याला म्हणतात बॉक्सर."

ते डोळे गेले चार महिने तिच्यासमोर बसून जेवत होते.

"डॉक्टर?"

डॉक्टर सावकाश बोलणारा माणूस होता. "मी खेळातलं फार जाणत नाही. पण गेल्या लढतीआधी मी चौघांची तपासणी केली. सगळ्यांचे हात कापत होते. शिंप्याचेसुद्धा. भीती असते, ते नैसर्गिक आहे. डावऱ्यानं हात पुढे केले, आणि तो डावा हात..." त्यानं स्वतःचा हात टेबलावर पसरून दाखवला. "दगड. मी बारा वर्षं हे करतोय, असा निश्चल हात पाहिला नाही. ज्याचे मज्जातंतू इतके पक्के आहेत, तोच घणासमोर टिकेल. मी डावऱ्याला."

कोचनं विजयी नजरेनं सगळ्यांकडे पाहिलं. "दोन-दोन. आता मावशी."

मावशीनं घरून एक गोष्ट तयार करून आणली होती. वाटेत तीनदा म्हणून पाहिली होती. ती खरी होती, कोणाला दुखवणारी नव्हती. "शिंपी," ती म्हणाली, आणि तिचाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला, "लढत संपल्यावर पट्ट्या स्वतः सोडतो. गुंडाळून परत देतो. बावीस वर्षांत बाकी कोणी दिल्या नाहीत. माझं मत त्याला."

पंच खो खो हसला. "घ्या! सख्खी मावशी!"

"पट्ट्या गुंडाळतो म्हणून?" कोचचा चेहरा लाल झाला. "घरात काही भांडण झालंय का तुमचं?"

"तीन-दोन. शिंपी," सेक्रेटरीनं लिहिलं.

मावशीनं श्वास सोडला. झालं. तिनं काही सांगितलं नव्हतं, वचन मोडलं नव्हतं. भाचा आठ दिवस रुसेल. रुसू दे.

"ठीक आहे," कोच खुर्चीत मागे रेलला. "कप शिंप्याला द्या, कपाटात ठेवून रोज पुसेल तो. पण घणाकडे तो जाणार नाही. कालच मला म्हणाला, दुकानात कामाचा ढीग आहे, मला हाडं मोडून घ्यायची नाहीत. इकडून माणूस तर पाठवायलाच हवा. डावऱ्या जाईल."

"पण नियमानं मानकरीच—" सेक्रेटरी म्हणाला.

"मानकऱ्यानं नकार दिला तर दुसऱ्यानं. वाचा, पान चार. आणि डॉक्टरांचा दाखला तर आत्ताच मिळाला. दगडासारखा हात! काय डॉक्टर?"

"हरकत नाही," डॉक्टर म्हणाला. "मी सही करीन."

सेक्रेटरीनं पान चार काढलं, वाचलं, मान हलवली आणि पुन्हा पेन उचललं. मावशी त्या पेनाच्या निबाकडे बघत राहिली. कानात कुलूप खरवडत होतं. सहा. सात. बोललं तर तो कधीच तोंड बघणार नाही आपलं. त्याच्याशिवाय आपल्याला आहे कोण? आणि क्लबातून हाकलतील ते वेगळंच, आणि पोलीस? पट्टी चुकीची बांधली म्हणून पोलीस येतात का? तिला ठाऊक नव्हतं. नऊ. दहा.

"पेन ठेवा," ती म्हणाली.

"काय?"

"माझं पाहिलेलं सांगून झालं नाही." ती डॉक्टरकडे वळली. "डॉक्टर, तुम्ही पाहिलात तो हात नव्हता. ती माझी पट्टी होती."

"म्हणजे?"

"मुरगळलेल्या मनगटाला बांधतात तशी. आत घडी घातली होती. बोटं एकमेकांना बांधली होती. त्याचा हात कापतो डॉक्टर, दाबला तरी थांबत नाही. किल्ली लागत नाही त्याला. पेला टेबलावर ठेवता येत नाही. शर्टाची बटणं पाठ करून लावतो. मी चार महिने बघतेय. मी लपवलं."

डॉक्टरच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "त्या पट्टीवर माझी सही आहे, मावशी."

"हो."

"मी त्याला रिंगमध्ये पाठवला. तिथे त्याला काही झालं असतं तर?"

"हो," ती पुन्हा म्हणाली.

कोच उठून उभा राहिला. ती खुर्चीत आक्रसली. तो ओरडेल असं वाटलं, पण तो खिडकीकडे गेला आणि तिकडेच तोंड करून बोलला. "मला काय दिसत नव्हतं? दोन महिने दोरीवरून उडी मारताना पाय अडकतोय त्याचा. म्हटलं, एक लढत. एकच. मग मीच थांबवणार होतो." मग वळून, दातओठ खाऊन: "तू गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं गं?"

पंच आपल्या सपाट नाकावरून बोट फिरवत बसला होता. सेक्रेटरीनं विचारलं, "हे... हे वहीत कसं लिहू?" आणि डॉक्टर म्हणाला, "जसं सांगितलं तसं लिहा. उद्या सकाळी त्याला माझ्याकडे पाठवा. पट्टीशिवाय. आणि मावशी, यापुढे इथे तुम्ही..."

"हो," ती म्हणाली. तिनं पिशवीतून कात्री काढून टेबलावर ठेवली. बोथट टोकाची, पट्ट्या कापायची.

घरी येताना जिन्यात खालची बाई म्हणाली, "काय मावशी, भाचा जिंकला का?" मावशी तशीच वर गेली. दार लावून ती पलंगाच्या कडेला बसली. कोच थेट गोदामावर जाणार, रविवारची पाळी पाचला सुटते, भाच्याला आधीच कळलेलं असणार. ओरडेल. सामान भरेल. डाव्या हातानं त्यानं माणसं झोपवली होती, आपल्यावर त्यानं कधी हात उचलला नव्हता, आणि तरी तिनं उठून दाराच्या आतली साखळी लावली. मग स्वतःचीच लाज वाटून काढली.

सव्वापाचला पायऱ्या वाजल्या. एकेक.

किल्ली कुलपावर आली. खरवडायला लागली. एक, दोन. मावशी उठली नाही. आजवर ती कधीच उठली नव्हती. दार आपण उघडलं तर आपल्याला माहीत आहे हे त्याला कळेल, म्हणून. दहा. पंधरा. आता तो मुद्दाम घाई करत होता, किल्लीचं टोक लाकडावर घसरत होतं. बावीस. बाहेर एक शिवी ऐकू आली, मग किल्ली पडल्याचा आवाज. मग काहीच नाही.

काहीच नाही हे सगळ्यांत वाईट होतं.

"मावशी."

ती दाराशी गेली होती. कधी गेली ते तिला कळलं नाही.

"आत आहेस ना?"

"हो."

"तू मला संपवलंस. कळतंय तुला?" आवाज चढलेला नव्हता. "सगळ्यांसमोर. पेले, बटणं... बटणंसुद्धा सांगितलीस."

"हो."

त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. तोच रात्रीचा श्वास.

"उघड," तो म्हणाला. "मला जमत नाहीये."

तिनं दार उघडलं. तो कोपऱ्यात पडलेली किल्ली उचलायला वाकला होता. बोटं किल्लीच्या शेजारी फरशी चिमटीत धरत होती. तिचा हात पुढे झाला आणि तिनं तो मागे घेतला. तिसऱ्या खेपेला त्याला किल्ली मिळाली. तो उभा राहिला, तिच्याकडे पाहिलं नाही. किल्ली खिशात टाकली नाही, तिच्या तळव्यावर ठेवली.

"ही ठेव. माझं यायचं झालं की दार नुसतं लोटून ठेवत जा."

"बरं."

"आणि उद्या डॉक्टरकडे मी एकटा जाणार नाही. सांगून ठेवतो. मला भीती वाटतेय."

"मलाही," मावशी म्हणाली.

तो आत आला. स्टुलावर बसून त्यानं बुटांच्या नाड्यांकडे पाहिलं, मग पाय तिच्याकडे केला. मावशी खाली बसली आणि नाडी सोडायला लागली. गाठ घट्ट होती, आणि तिच्या हातांना, आज पहिल्यांदा, ती सापडत नव्हती.